तळहातावरचं दही

माझ्या लेकीच्या छातीवर उजव्या बाजूला, कातडीखाली, एक बटण होतं. डॉक्टर त्याला पोर्ट म्हणायचे, ती बटण म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच बटण म्हणायला लागलो. केमोची औषधं रोज हाताच्या शिरेतून दिली तर लहान मुलांच्या शिरा टिकत नाहीत. म्हणून ते बसवलं होतं, आणि त्याची बारीक नळी आतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली होती. अडीच वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग निघाला. पाच वर्षांची झाली तेव्हा उपचार संपले. शेवटच्या डोसाच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनी टाळ्या वाजवल्या, आम्ही पेढे वाटले, आणि आता ते बटण काढलं की झालं, असं सगळे म्हणाले. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. त्याला कुणी ऑपरेशनसुद्धा म्हणत नव्हतं.

ते दोनदा पुढे गेलं. एकदा हिला सर्दी झाली म्हणून, एकदा प्लेटलेट कमी भरल्या म्हणून. लहान मुलांचे सर्जन बाहेरून बेळगावला यायचे, फक्त गुरुवारी, आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे. त्यामुळे गुरुवार चुकला की आठवडा गेला. तिसऱ्या तारखेच्या चार दिवस आधी आंघोळ घालताना मला बटणाभोवती लाली दिसली. हात लावला तर ती कळवळली. लगेच फोन केला. तोंडातून द्यायचं औषध सुरू झालं आणि डॉक्टर म्हणाले, या गुरुवारी ते काढायचंच, तिथले जंतू नळीतून रक्तात गेले तर अवघड होईल. 'अवघड' हा शब्द मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकला तो चिकोडीकडच्या एका मुलीबद्दल. आमच्या शेजारच्या खाटेवर असायची. तिचा कर्करोग आटोक्यात आला होता. ती जंतूंनी गेली.

मी निपाणीत एका शाळेत विज्ञान शिकवते. स्वभावानं कडक आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. लेकीच्या आजारपणात तो कडकपणा सगळ्या घराला पुरून उरला. फ्रिजवर मी यादी चिकटवली होती. पाणी उकळलेलंच. फळ जाड सालीचंच, तेही मी सोललेलं. बाहेरचं काही नाही, पाहुणे दारातूनच परत. सासूबाईंनी एकदा लाडानं तिच्या हातात काकडीची फोड दिली, ती मी तिच्या दातांतून ओढून काढली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दीर मला माझ्यामागं 'फूड इन्स्पेक्टर' म्हणायचे. ते माझ्या कानावर आलं तेव्हा राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं. इन्स्पेक्टर तर इन्स्पेक्टर, पोरगी जगली पाहिजे.

आणि लेकीलाही मी एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगायचं. काय खाल्लं, शी किती वेळा झाली, कुठं दुखतंय. लपवायचं नाही, कुणी रागावलं तरी. ती इतकी पक्की झाली होती की एकदा तपासणीला गेल्यावर तिनं स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं, "पप्पांनी मला गाडीत चॉकलेट दिलंय." मी नवऱ्याला तिथंच, सगळ्या पेशंटांसमोर, झाडलं होतं.

आमच्याकडे कुणी महत्त्वाच्या कामाला बाहेर पडत असलं की उंबऱ्याशी तळहातावर दही-साखर ठेवतात. परीक्षा असो, कोर्ट असो, मुलाखत असो. माझी आई ठेवायची, सासूबाई ठेवतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण दह्यावाचून कुणाला दाराबाहेर पाठवलं तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं, एवढंच. अडीच वर्षं लेकीला घरचं विरजलेलं दही बंद होतं, म्हणून बेळगावला निघताना तिच्या हातावर मी साखरेचे चार दाणे ठेवायची. दह्यावर तिचा फार जीव. तिच्या डोळ्यांदेखत खायला नको म्हणून आम्ही घरातली मोठी माणसं स्वयंपाकघरात उभ्यानं दही-भात खायचो. उपचार संपल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता घरचं सगळं द्या. तिनं सगळ्यात आधी दही मागितलं. त्या महिन्यात रोज खाल्लं.

गुरुवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. आदल्या रात्री नऊला तिला मऊ भात दिला होता आणि त्यानंतर काही नाही. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. नाहीतर गुंगीत असताना पोटातलं वर येतं, श्वासनळीत जातं आणि फुप्फुसात उतरतं. हे मला कागदावर वाचायची गरज नव्हती. सासूबाईंनाही मी रात्री तीनदा बजावलं होतं, उद्या सकाळी हिच्या तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. त्या म्हणाल्या, "न्हाय गं बाई, मी जवळसुदिक जात न्हाय." आणि खरंच त्या जवळ आल्या नाहीत. उंबऱ्यावर वाटी ठेवली, गाडी चालवणाऱ्या लेकासाठी, आणि आत जाऊन उभ्या राहिल्या.

मी नवऱ्याच्या हातावर दही ठेवलं. त्यांनी चाटलं, हात पँटला पुसला आणि ते गाडी काढायला गेले. मग मी स्वतः घेतलं. मग एक लहान हात पुढं आला. "मला?" त्या हातावर चमचाभर दही ठेवलं, तिनं चाटून तळहात लख्ख केला, आणि तिच्या हनुवटीला लागलेलं मी पदरानं पुसलं. मी पुसलं. म्हणजे मला दिसत होतं. तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. अडीच वर्षं तिचा प्रत्येक घास मोजणारी मी, गाडीत बसताना फाईल घेतली का, आधार घेतलं का, तेच बघत होते.

तवंदीचा घाट उतरेपर्यंत नवरा चांगला खुशीत होता. आज बटण निघालं की पुढच्या महिन्यात तिला शाळेत घालायचं, पोहायला शिकवायचं, असं काय काय बोलत होता. लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. संकेश्वर जवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "दही गोड हुतं."

मी तिच्या हनुवटीकडे बघितलं.

मी म्हटलं, "श्श्."

एवढंच. ती लगेच गप्प झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढं नवरा बोलतच होता, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, अहो, गाडी बाजूला घ्या. नाही म्हटलं. त्याऐवजी मी मनात हिशेब मांडला. एक चमचा. साडेपाच. ऑपरेशन साडेआठला. दही पोटातून पुढं सरकायला किती वेळ? पचनसंस्थेचं प्रकरण मी वीस वर्षं शिकवते, फळ्यावर जठर डोळे झाकून काढते. आणि त्या दिवशी मी, विज्ञानाची शिक्षिका, स्वतःला समजावत होते की चमचा काही भरलेला नव्हता. अर्धाच होता. अर्धासुद्धा नव्हता, नुसता हात ओला झाला होता. हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत मी तो चमचा रिकामा करत आणला.

सांगितलं तर काय होणार, तेही मला माहीत होतं. आजचं रद्द. पुढचा गुरुवार. बटणाभोवतीची लाली सकाळीच थोडी वाढलेली दिसली होती, रात्री अंगही जरा कोमट लागलं होतं. आठवडाभरात नळीतून जंतू रक्तात गेले तर? चिकोडीच्या त्या मुलीची आई शेवटच्या दिवशी वॉर्डाच्या दारात चपला शोधत होती, आणि चपला तिच्या पायातच होत्या. मला रस्ताभर तीच दिसत होती.

दवाखान्यात पावणेआठला वॉर्डात सिस्टर कागद घेऊन आल्या. खानापूरकडच्या होत्या, आम्हाला दोन वर्षं ओळखत होत्या.

"सकाळधरनं बाळाच्या पोटात काय गेलंय?"

"काय न्हाय," नवरा म्हणाला. "रात्री नवाला भात, त्यानंतर पाणीसुदिक न्हाय." आणि माझ्याकडे हसून बघत पुढं म्हणाला, "आमच्या घरात इन्स्पेक्टर हाय, सिस्टर."

सिस्टर हसल्या. कागदावर खूण केली. मी खाली फरशीकडे बघत राहिले. खोटं मी बोलले नव्हते. ते मी नवऱ्याला बोलू दिलं होतं.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत एकाच पालकाला सोडतात. मी गेले. तिला हिरवा झगा घातला, तो तिच्या घोट्यांपर्यंत आला, तेव्हा ती खुदकन हसली. मग भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. कन्नड बोलणाऱ्या, मराठी मोडकं पण समजण्याजोगं. आधी मला विचारलं, शेवटचं काय दिलं आणि किती वाजता.

"रात्री नऊला भात," मी म्हटलं.

वाक्य खरं होतं. मला आजही त्या वाक्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. सरळ खोटं बोलले असते तर निदान खोटं बोलले असं म्हणता आलं असतं.

डॉक्टर खाली वाकल्या. तिच्या गालाला हात लावला. "एन् तिंदी, पुट्टी? सकाळी काय खाल्ला तू?"

ती माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. तिचा उजवा हात हळूहळू पाठीमागं गेला आणि झग्याच्या मागं लपला. तोच हात, ज्याच्यावर मी दही ठेवलं होतं.

"कायबी न्हाय," ती म्हणाली.

पाच वर्षांची माझी पोर आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांशी खोटं बोलली, आणि ते माझ्यासाठी. मला कुणी रागावू नये म्हणून. संकेश्वरजवळ मी जे एकदाच 'श्श्' केलं होतं ते तिनं इथपर्यंत सांभाळून आणलं होतं. डॉक्टर तिच्या पाठीवर थोपटून उठल्या. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन पुढं आला. ती आता गुंगीत जाणार, आणि आत काही झालं तर तिनं शेवटचं बोललेलं वाक्य माझं खोटं असणार, हे माझ्या मनात आलं आणि मी डॉक्टरांचा हात धरला.

मी कन्नडमध्ये बोलले. दवाखान्यात, ऑफिसात आपोआप तेच तोंडात येतं. मी सांगितलं, साडेपाच वाजता हिनं दही खाल्लंय, मी दिलंय, मला गाडीतच आठवलं होतं, मी लपवलं. एका दमात सांगितलं. लेकीला कन्नड येत नाही. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

डॉक्टर रागावल्या. आवाज चढवला नाही, पण जे बोलल्या ते आजही कानात आहे. कन्नडमध्येच म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक आहे का मी आत्ता काय करणार होते? तुमची मुलगी माझ्या हातात गेली असती आणि मला कारणसुद्धा कळलं नसतं. दोन वर्षं या दवाखान्यात काढलीत तुम्ही. शिक्षिका आहात ना? मी नुसती मान हलवत होते. लेक एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला होता.

मग त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, दूध-दह्याला सहा तास. साडेअकराच्या आत मी हिला हात लावणार नाही. सर्जनची यादी मोठी आहे. ती संपल्यावर त्यांच्याकडे वेळ उरला तर बघू. तोवर पाणीसुद्धा नाही, कारण कधी आत घ्यावं लागेल ते सांगता येत नाही.

सिस्टर तिला उचलून वॉर्डात घेऊन गेल्या. नवरा जिन्याजवळ उभा होता.

"काय झालं? परत का आणलं?"

"सकाळी तिच्या पोटात दही गेलंय."

त्यांचा चेहरा उतरला. "आईनं दिलं व्हय? मी तिला किती येळा—"

आणि मी एक क्षण थांबले. खरं सांगते, थांबले. सासूबाईंच्या नावावर ते गेलं असतं तर घरात कुणालाही खरं वाटलं असतं. माझ्या अडीच वर्षांच्या शिस्तीला तडा गेला नसता. त्या बिचाऱ्या निपाणीत देवापुढं बसल्या असतील, हेही मला दिसत होतं, आणि तरी मी थांबले.

"आत्याबाईंनी नाही. मी दिलं. उंबऱ्यावर, तुमच्या पाठोपाठ. आणि सिस्टरनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मला खोटं पाडलंस गं." आणि वॉर्डात जाऊन लेकीच्या पायाशी बसले.

नऊ ते दीड. आयुष्यात इतकी वर्षं गेली, ती आठवत नाहीत. ते साडेचार तास मिनिटा-मिनिटानं आठवतात. हाताला सलाईन लावायला तिला चार वेळा टोचलं, कारण बटण वापरायचं नव्हतं आणि हाताच्या शिरा मिळत नव्हत्या. दहाला ती पाणी मागायला लागली. साडेदहाला रडायला लागली. शेजारच्या खाटेवर सदलग्याचं एक कुटुंब होतं, त्यांनी डबा उघडला तसा मी पडदा ओढला, पण वासाला पडदा कसा लावणार? "एक घोट," ती म्हणत होती. "नुसती जीभ लावते." मी तिच्या ओठांवर ओला कापूस फिरवला तर तिनं तो दातांत धरून चोखला. मी तिच्या तोंडातून तो ओढून काढला. पुन्हा एकदा, तिच्या तोंडातून.

अकराला ताप मोजला. शंभर पॉइंट चार. सिस्टर लगबगीनं फोन करायला गेल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. देवाला मानत असते तर काही कबूल तरी केलं असतं, इतके सोमवार, इतके नारळ. माझ्याकडे कबूल करायला काही नव्हतं. जे कबूल करायचं ते मी सकाळी केलं होतं, आणि तेही उशिरा. मनात एकच चाललं होतं, पोरीला माझ्या हातानं मारलं. दही दिलं नसतं तर साडेआठला आत गेली असती, दहाला बाहेर आली असती. आता सर्जनना वेळ उरला नाही तर हा ताप घेऊन परत निपाणीला जायचं, की इथंच बसायचं, आणि आठवडाभर काय बघायचं?

सासूबाईंचा फोन आला. नवऱ्यानं त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. फोन माझ्याकडे दिला तेव्हा त्या रडत होत्या. "वाटी मीच ठेवली गं तितं. मला कळाय नगं व्हतं?" मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचं काही चुकलं नाही." एवढं एक वाक्य त्यांना म्हणायला मला अडीच वर्षं लागली होती.

दीड वाजता वॉर्डबॉय आला. घेतायत म्हणाला. सर्जननी दुपारची गाडी सोडली होती, रात्रीच्या बसनं जाणार होते. ही गोष्ट मला नंतर कळली. कळली असती तर तिथंच त्यांचे पाय धरले असते.

या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टर खोलीबाहेरच उभ्या होत्या. आम्ही दोघंही होतो.

"सकाळनंतर काही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "डॉक्टर, मी आता काय सांगणार? सकाळी पण मीच सांगितलं हुतं." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. माझा शब्द तिथं कुणीच धरत नव्हतं, आणि मीच तो तसा करून ठेवला होता.

तेवढ्यात लेक चिडून म्हणाली, "पाणीसुदिक दिलं न्हाय हिनं! कापूसपण काढून घेतला!"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "हां, मग खरं," त्या म्हणाल्या, आणि स्ट्रेचर आत गेलं. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मी आणि नवरा एकाच बाकावर बसलो होतो, मध्ये फाईल. मी दारावरच्या लाल दिव्याकडे बघत होते आणि कान आतल्या आवाजाकडे होते. कुणी धावलं का, कुणी हाक मारली का. सहा तास होऊन गेले होते तरी मला वाटत होतं, तो चमचा अजून तिच्या पोटात आहे.

सर्जन बाहेर आले. टोपी काढली. बटण निघालं म्हणाले. खाली पू होता, नळीपर्यंत पोचलेला, आज काढलं ते बरं झालं. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर आपण वेगळं बोलत असतो. आता आठवडाभर ठेवून घेऊ, शिरेतून औषध देऊ. नवरा रडायला लागला. सर्जननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं नाही. 'दोन-तीन दिवस' हेच डोक्यात फिरत होतं. मी गप्प बसले असते तर भुलेनं घात झाला असता, आणि बोलल्यावर आज रद्द झालं असतं तर जंतूंनी. ती वाचली ते सर्जननी गाडी सोडली म्हणून, आणि तिला खोटं बोलताना मला बघवलं नाही म्हणून. माझी त्यात अक्कल कुठंच नव्हती.

शुद्धीवर आणायच्या खोलीत मला बोलावलं तेव्हा ती कुशीवर होती, ओठ सुकलेले, छातीवर पांढरी पट्टी. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. आताच कुठं बोटाच्या पेराएवढे आले होते. तिनं डोळे किलकिले केले, मला ओळखलं, आणि घाईघाईनं, जीभ जड असतानाच, बोलायला लागली.

"आई, मी न्हाय सांगितलं."

"काय गं?"

"दही. मी न्हाय सांगितलं त्यास्नी. खरंच. तू रागावू नको."

तेव्हा मला कळलं, सकाळपासून ती काय समजून बसली होती. मी कन्नडमध्ये बोलले ते तिला समजलंच नव्हतं. तिनं पाहिलं ते एवढंच, की डॉक्टरना कळलं, आईला बोलणी बसली, पप्पा गप्प झाले, आणि आई तिच्याशी नीट बोलेना. दिवसभर तहानेनं रडताना ती हेही मनात घेऊन रडत होती.

"मीच सांगितलं बाळा," मी म्हटलं. "दही मीच दिलं आणि मीच सांगितलं. तू काही केलं नाहीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे पुन्हा मिटायला लागले होते, पण तिनं ते जोर लावून उघडले.

"मग गाडीत मला श्श् का केलंस?"

मी घाबरले होते म्हणून, असं सांगायला हवं होतं. तेवढं तिला समजलं असतं. मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, झोप आता.